ईआरपी कुठलं, त्याआधी साठा किती खरा?

ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, कुठलं घ्यायचं, हा भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांचा नेहमीचा वाद. जर्मनीचं सॅप, बेल्जियमचं ओडू की मुंबईत घडलेलं, मुक्त स्रोत असलेलं ईआरपीनेक्स्ट? जर्मनीतल्या कारखान्यांचं नियोजन जवळून पाहिल्यावर वाटतं, वादाची सुरुवातच चुकीच्या टोकाने होतेय. स्क्रीन बदलल्या, क्लाउड आला, पण कुठला माल किती आणि केव्हा मागवायचा, हे आतलं गणित जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने १९६०च्या दशकात मांडलं तेच आहे.

समजा, ५०० पंपांची ऑर्डर आहे. पंपाला एक इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक. स्टोअरमध्ये १२०, फाउंड्रीकडून १०० यायचेत, म्हणजे निव्वळ गरज २८०. मशिनिंगमध्ये ४ टक्के रिजेक्शन धरलं, तर २८० भागिले ०.९६, म्हणजे इम्पेलरची २९२ कास्टिंग (ओतीव भाग) मागवायची. पण त्या १२० पैकी ४० इम्पेलर रिजेक्ट होऊन कोपऱ्यात पडलेत आणि नोंद कुणी केलीच नाही. मग ३३४ लागत असताना सॉफ्टवेअर २९२च मागवणार आणि ऐन जुळणीत ४० पंप अडकणार. यात सॅप काय करणार?

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. सॅपच्या ईसीसी या जुन्या ईआरपीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपतेय, आणि वर्षानुवर्षं सोयीने बदलून घेतलेले प्रोग्रॅम एस/४हाना या नव्या ईआरपीवर नेताना भलेभले मेटाकुटीला आलेत. पण चांगल्या कारखान्यात मास्टर डेटाला, म्हणजे आयटम आणि सुट्या भागांच्या मूळ नोंदींना, एक ठरलेला मालक असतो. ड्रॉइंग बदललं की बिल ऑफ मटेरियल, म्हणजे एका वस्तूला लागणाऱ्या भागांची यादी, त्याच्याच हातून बदलतं.

आपल्याकडे एक गुंता जास्त आहे, तो जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाचा. टर्निंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, प्लेटिंग तिसऱ्याकडे. चलान कागदावरच राहिलं, तर बाहेर गेलेला माल सॉफ्टवेअरला स्टोअरमध्येच दिसतो. शिवाय जीएसटीत असा कच्चा माल वर्षभरात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर लागतो. म्हणून डेमोमध्ये डॅशबोर्ड नंतर बघा, आधी जॉबवर्कचं चलान एक पूर्ण फेरी करून दाखवायला सांगा.

आणि डेमोच्याही आधी स्टोअरमधले कोणतेही १०० आयटम मोजा. नोंदीशी ९५ जुळले नाहीत, तर खरेदी थांबवा आणि फरक कुठून येतो ते शोधा. पहिल्यांदा दुसरी पाळी तपासा: स्टोअरकीपर घरी गेलेला असतो, किल्ली सुपरवायझरकडे असते आणि माल चिठ्ठीवर निघतो.