'दोन तासांचं काम, पाच तास': आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

आपण लिहिलंय, "दोन तास सांगून पाच तास आत ठेवलं, बाहेर कुणी काही सांगितलं नाही, रात्री पाय हलवू दिला नाही. बिलासाठी वेळ काढतात." घरच्यांच्या जिवाला घोर लागला, त्याबद्दल दिलगीर आहे. पण शेवटचं वाक्य फार लागलं.

दोन तास मी साध्या अ‍ॅब्लेशनबद्दल, म्हणजे ठोके बिघडवणारी हृदयातली जागा उष्णतेनं जाळायच्या कामाबद्दल बोललो होतो, हृदयात करंटची जन्मजात जादा वायर असते त्याचं. आपल्या वडिलांचं तसं नव्हतं. जुन्या अटॅकचा व्रण हृदयाच्या खालच्या कप्प्यात आहे. त्याच्या कडेनं करंट गोल फिरत राहतो आणि ठोके दीडशे-दोनशेच्या घरात जातात. छातीतलं आयसीडी मशीन शॉक देऊन ते जाग्यावर आणतं, पण मुळात सुरू व्हायचं थांबवत नाही. म्हणून जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयापर्यंत नेऊन त्या व्रणाचा एकेका ठिपक्यानं नकाशा काढायचा, जागा सापडली की अर्धा-एक मिनिट उष्णता द्यायची, मग पुढची जागा. शेवटी मुद्दाम ठोके छेडून परत तसं होतंय का ते बघायचं. यातलं काय गाळायला हवं होतं? बिल पॅकेजचं होतं, तासावर एक रुपया लावलेला नाही.

आणि सकाळी दहाला घ्यायचं ठरलेलं दुपारवर गेलं ते कशानं? उपाशी ठेवा असं लेखी देऊन, सिस्टरनी बजावूनही आठ वाजता वडिलांना दुधाचा चहा आणि खारी दिली गेली. पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. हे आपल्या रिव्ह्यूत कुठंच नाही.

पायाचं म्हणाल तर, आत असताना रक्त पातळ करायचं औषध द्यावंच लागतं. पाय वाकवला की जांघेतून रक्त सुटतं.

गडहिंग्लज-चंदगडच्या पेशंटला यासाठी पुण्या-मुंबईला पळायला लागू नये म्हणून कर्ज काढून ही कॅथलॅब, म्हणजे हृदयात नळी घालून उपचार करायची खोली, उभी केली. असे शब्द वाचून पेशंट बिचकले तर हप्ते कुठून भरायचे?

नातेवाइकांना मधूनमधून निरोप मिळेल असं बघतोय.

वडिलांच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जांघेत गाठ आली, ताप आला किंवा परत शॉक बसला तर तारखेची वाट न बघता लगेच घेऊन या.