हे देऊन बघितलंस का?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड. विसरभोळेपणावर रामबाण, भरपूर अँटिऑक्सिडंट, साईड इफेक्ट शून्य! आणि खाली मला टॅग करून मावशी, "ताईला हे देऊन बघितलंस का गं?"

हो, बघितलं. चार महिने जिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ. आई दरवेळी कॅप्सूल तळहातावर घेऊन विचारायची, "ही कशाची गं?" मी म्हणायचे, "लक्षात राहायची." ती हसून गिळायची आणि दहा मिनिटांनी विचारायची, माझी गोळी झाली का.

त्यात तिची रक्त पातळ करायची गोळी चालू. एक दिवस आंघोळ घालताना बघते तर दंडावर हे एवढाले काळेनिळे डाग. डॉक्टरांनी विचारलं, अजून काही देताय का? मी गप्प, कारण झाडपाल्याचं म्हणजे औषधच की, हे डोक्यातच आलं नव्हतं. डाग त्यानेच आले असं ते ठामपणे नाही म्हणाले, पण बाटली त्याच दिवशी बंद केली.

मग वाचत बसले (आधी वाचायला काय झालं होतं देव जाणे). अमेरिकेत पंच्याहत्तरीच्या पुढच्या ३,०६९ लोकांवर हे तपासून झालंय, अर्ध्यांना जिंको रोज २४० मिलिग्रॅम, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, सहाएक वर्षं लक्ष ठेवलं. २००८ला निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे हा विसरण्याचा आजार, काही टळला नाही. हळदीतलं करक्युमिन लॅबमध्ये पराक्रम गाजवतं, पोटातून रक्तात मात्र जेमतेम उतरतं. आता कोणीतरी म्हणणारच की डॉक्टर या आजारावर देतात ते गॅलँटामाइन नावाचं औषधसुद्धा फुलझाडातूनच आलंय. आलंय, बरं. पण तपासून, डोस ठरवून आलंय, आणि त्यानेही आजार बरा होत नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने रोजची कामं सुटत जायचा वेग थोडा कमी झाला, तेही २०१४ला दिसलंय. स्मरणशक्ती नाही सुधारली त्यात. काही करायचंच असेल तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या ना, त्यामुळे विसरत असेल तर निदान उपाय तरी आहे! पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि खरं सांगू, कॅप्सूलपेक्षा मला तो प्रश्नच लागतो. देऊन बघितलंस का म्हणजे आई विसरतेय ते माझं काहीतरी द्यायचं राहिलंय म्हणून. रात्री तीनला दाराची कडी काढून ती "घरी जाते" म्हणते तेव्हा उठतं कोण?

जाऊ दे. मावशीवर चिडून काय करू, गेल्या वेळी आईने तिलाच विचारलं, "आपण कोण?" आणि ही बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसली होती. बहीण हातातून सुटताना माणूस काहीही पाठवेल, मीही चार महिने तेच केलं.

मावशी, बाटली नको पाठवूस. रविवारी ये आणि तिचे केस विंचरून दे, माझ्या हातून ती हल्ली विंचरून घेत नाही, तुझ्या हातून घेते. नाव विचारलं तर सांग. परत विचारेल, परत सांग.