ग्रॅमीत राग संगीताला स्वतःचा विभाग हवा

ग्रॅमी जाहीर झाले की आपल्याकडे कोण जिंकलं याची चर्चा दोन दिवस चालते. कोणत्या विभागात जिंकलं, हे मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

1968 साली पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांना ग्रॅमी मिळाला तो चेंबर म्युझिकच्या विभागात, म्हणजे थेट पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या पंगतीत. 'वर्ल्ड म्युझिक'चा विभाग 1992 साली आला. पहिला मान 'प्लॅनेट ड्रम' या अल्बमला मिळाला आणि त्यात आपले तबलावादक झाकीर हुसेन, घटमवादक विक्कू विनायकराम होते. पुढे आपले बहुतेक कलाकार त्याच विभागात दिसू लागले. आज त्याचं नाव 'ग्लोबल म्युझिक' आहे.

या विभागाची 2021 ची नामांकनं बघा: अनुष्का शंकर, नायजेरियाचा बर्ना बॉय, ब्राझीलची बेबेल जिल्बेर्तो, सहाराच्या वाळवंटातला तिनारिवेन हा बँड, न्यूयॉर्कचा अँटिबालास बँड. जिंकला बर्ना बॉय. त्याच्या गुणवत्तेबद्दल शंकाच नाही. पण सतार आणि नायजेरियाचं पॉप परीक्षकांनी कोणत्या निकषावर शेजारी ठेवून ऐकायचं?

2024 मध्ये माहीमच्या झाकीरभाईंनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतले. ऊर भरून आला. पण ते पुरस्कार कशासाठी होते? एक 'शक्ती' या बँडच्या 'धिस मोमेंट' अल्बमसाठी, उरलेले दोन बँजोवादक बेला फ्लेकसोबतचा 'ॲज वी स्पीक' अल्बम आणि त्यातल्या 'पश्तो' या रचनेसाठी. तिन्ही वेळा दोन परंपरांचा मिलाफ. तो सुंदरच आहे. पण पेशकार, कायदे, रेले, गती अशा क्रमाने फुलत जाणारं एकल तबलावादन किंवा निव्वळ विलंबित ख्याल त्या यादीत कुठे बसणार? किशोरीताई आमोणकरांसारखं गाणाऱ्याने बेला फ्लेकचा बँजो शेजारी असल्याशिवाय तिथे पोचूच नये का?

वेगळा विभाग म्हणजे वेगळं बसवणं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच 2024 साली आफ्रिकन संगीतासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला, दक्षिण आफ्रिकेची गायिका टायला हिला तो पहिला पुरस्कार मिळाला आणि जगभर तिची चर्चा झाली.

विभाग दगडावरची रेघ नसतात. 2011 मध्ये ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीने ते 109 वरून 78 वर आणले. त्यात लॅटिन जॅझचा विभाग गेला. ड्रमवादक बॉबी सानाब्रिया आणि इतर वादकांनी विरोध केला, काही जण कोर्टात गेले, आणि पुढच्याच वर्षी तो विभाग परत आणल्याचं जाहीर झालं. नव्या विभागाचा प्रस्ताव अकादमीचे सदस्यच देऊ शकतात, आणि आपले कितीतरी कलाकार आज सदस्य आहेत. त्यांनी एकत्र येऊन हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतासाठी असा प्रस्ताव द्यावा. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.