"डोक्यात काही शिरतच नाही" म्हणे

आज पालकसभेत एका बाईंनी सगळ्यांसमोर एका आईला सुनावलं, "तुमच्या मुलीचं लक्षच नसतं, डोक्यात काही शिरतच नाही." ती माउली मान खाली घालून उभी. तिच्या घरात मारहाण चालते हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक, पण एक जण बोलेल तर शपथ. तेव्हापासून डोकं सणकलंय.

मी पूर्वी शेजारच्या एका चौथीतल्या मुलाला गणित शिकवायचे. भागाकार चालू असताना जिन्यात पावलं वाजली की त्याची पेन्सिल थांबायची. मान वर नाही, काही नाही, नुसती पेन्सिल थांबायची. पावलं पुढे गेली की परत सुरू, पण हातचा किती होता ते पार पुसलेलं. एकदा सहज विचारलं तर म्हणाला, "चप्पल घासत आली की बाबा आज आईला मारणार, पटपट आली की नाही."

आणि ह्याला मंद म्हणायचं? अहो त्याचा मेंदू सतत कामावर होता, फक्त भागाकाराच्या नाही! पायरी डोक्यात धरून पुढची पायरी करायला जी जागा लागते ती सगळी त्या जिन्याने खाल्लेली. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा घरांतल्या मुलांना रागीट चेहरे दाखवून मेंदूचे स्कॅन केले, तर धोका ओळखणारे भाग जास्तच जागे दिसले, लढाईवर जाऊन आलेल्या सैनिकांमध्ये आढळतं तसेच. सैनिक निदान मोठा माणूस असतो हो.

"आम्ही पोरांना बोटसुद्धा लावत नाही, आमचं काय ते आपसात" हे वाक्य तर मला ऐकवतच नाही. भिंतीपलीकडे पोर झोपलेलं नसतं, डोळे मिटून मोजत पडलेलं असतं. आणि झोपच नाही तर दिवसभर शिकलेलं पक्कं कधी व्हायचं?

हो, अशा घरातून पहिली येणारी मुलंही असतात. असतात, मान्य. आणि बाईंच्या वर्गात साठ पोरं, प्रत्येकाच्या घरात त्या डोकावणार कशा, हेही खरंच. राग त्यांच्या एकटीवर नाहीच.

तोच मुलगा, बाबा बाहेरगावी गेले की तोंडी भागाकार करायचा. तोंडी! मी कागद पुढे केला तर "नको, येतंय" म्हणायचा आणि खुर्चीवर पाय हलवत बसायचा. पाय हलवताना मी त्याला एरवी कधी पाहिलंच नव्हतं.

शिक्षक मंडळी वाचत असाल तर एवढंच करा, अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका, आवाज चढवू नका, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि विसरलं तर परत सांगा. आणि शेजाऱ्यांनो, टीव्हीचा आवाज वाढवण्याऐवजी उठा आणि त्या दाराची बेल वाजवा. कारण काहीही सांगा, पण वाजवा.