आजोबा निवडताना

श्रीमंत व्हायचं ठरवलंच असेल तर मेहनतीच्या नादाला लागू नका. बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडून ठेवलाय: जगभरच्या माणसांच्या कमाईतला निम्म्याहून जास्त फरक ती कुठल्या देशात राहतात आणि तिथे पैशाची वाटणी कशी आहे, एवढ्यावरच ठरतो. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या पोराला मात्र हे सांगू नका. बिचारा परत झोपेल.

तेव्हा देश नीट निवडा. ते जमलं नसेल, तर निदान आजोबा निवडा. आम्हा गोंयकारांना ही सोय आहे. आजोबा 19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेले हवेत. त्यांच्या जन्माची लिस्बनला नोंद करायची, मग वडिलांची, मग आपली, की पोर्तुगालचा पासपोर्ट हातात. पूर्वी त्यावर थेट इंग्लंडातलं स्विंडन गाठता यायचं. ब्रिटनने युरोपशी काडीमोड घेतला आणि 2021पासून ती वाट अडली. बाकीचा युरोप आहेच. भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, एक सोडावं लागतं. कुठलं सोडू, असं विचारणारा अजून मला भेटलेला नाही.

ज्यांना घालवण्यासाठी 15 ऑगस्ट 1955ला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्यांच्याच पासपोर्टासाठी रांग लावायची म्हणून संकोच करू नका. रांगेत मान खाली घालावी लागते म्हणाल, तर ती सगळ्यांचीच खाली असते. हातात मोबाईल असतो ना.

आजोबाही चुकले असतील, तर सरळ दगड व्हा. डिचोलीचा लोहखनिजाचा डोंगर बार्जमध्ये बसून मांडवीतून मुरगावला गेला, तिथून आधी जपानला, मग चीनला. कोणी त्याचं बँक स्टेटमेंट मागितलं नाही, की परत येणार ना, असंही विचारलं नाही. (नाहीच आला.) 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा मागे खड्डे होते. माणसाला निघायचं तर शेंगेन व्हिसाच्या अर्जालाच 90 युरो, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. म्हणजे नकारही विकतच घ्यायचा.

आता उगाच श्रीमंत देशांच्या नावाने बोटं मोडू नका. आयव्हरी कोस्ट जगात सर्वात जास्त काजू पिकवतो. तो सोलायला मात्र बराचसा व्हिएतनामला आणि आपल्याकडे येतो. पीक त्यांचं, गर आपला. शिवाय गोव्यात ओडिशा-झारखंडचे मजूर दिसले, की ‘भायले’ म्हणून नाक मुरडायची सवय ठेवा. स्विंडनला गेल्यावर समोरच्याचं नाक का मुरडलंय, ते चटकन कळतं.

राहता राहिले आमचे आजोबा. घर गोव्यातल्या पेडण्याचं, शेत पेडण्याचं, देव पेडण्याचा. पण माझी खापरपणजी मोठी हौशी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून हटून बसली आणि पणजीला (शहराला नव्हे, आजोबांच्या आईला) बैलगाडीत घालून पत्रादेवीपलीकडे बांद्याला घेऊन गेली. आजोबा जन्मले सावंतवाडी संस्थानात. म्हणून सांगतो, बाळंतपण सासरीच करा.