‘एकदा गेलात की शिक्का बसला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: मानसशास्त्रज्ञाकडे एकदा पाऊल टाकलंत की वेडेपणाचा शिक्का बसतो. पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू होतात आणि त्या जन्मभर सुटत नाहीत. तिथे बोललेलं बाहेर फुटतं, ठरलेली लग्नं मोडतात. आणि एवढे पैसे मोजून मिळतं काय, तर नुसत्या गप्पा. मन खंबीर असेल त्याला असल्या लोकांची गरज पडत नाही.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. असलं काही वाचून ठरलेली भेट रद्द करणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे उत्तर.

आधी गोळ्यांचं. मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देत नाही, त्याला तो अधिकारच नाही. औषधं देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. गरज वाटली तर आम्ही त्यांच्याकडे पाठवतो, आणि जायचं की नाही हे तुम्ही ठरवता. ‘जन्मभर सुटत नाहीत’ हेही सरसकट खरं नाही. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल, तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात, मग डॉक्टर ते हळूहळू कमी करत बंद करतात. काही आजारांत ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, जसं मधुमेहात लागतं. सवय लागण्याची भीती झोपेच्या काही गोळ्यांच्या बाबतीत रास्त आहे. पण त्या गोळ्या ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणून खाणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, त्यांच्याबद्दल हा मजकूर चकार शब्द काढत नाही.

मग पहिल्या भेटीत होतं काय? कोच नाही, संमोहन नाही, डोळे मिटून पडायचं नाही. समोरासमोर दोन खुर्च्या आणि पाऊण तास ते तासभर वेळ. बहुतेकांची सुरुवात मनाच्या त्रासापासून होतच नाही. ‘ॲसिडिटी फार होते’, ‘रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही’, ‘घरचे म्हणाले म्हणून आलो, तसं मला काही झालेलं नाही.’ तिथून सुरुवात केली तरी चालतं. त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, कामावर लक्ष लागतं का, घरी कोण कोण आहे, दारू-तंबाखू किती, आधी काही आजार होता का, असे प्रश्न मी विचारते. थायरॉईड बिघडल्यानेही उदास आणि थकल्यासारखं वाटतं, त्यामुळे कधी कधी आधी रक्त तपासून यायला सांगते.

कधी एक कागद पुढे येतो. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं, याचे नऊ प्रश्न. ‘अजिबात नाही’ला 0 आणि ‘जवळजवळ रोज’ला 3, म्हणजे एकूण 27. नापास होण्यासारखं त्यात काही नाही आणि तेवढ्यावरून निदानही होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो वाचताना पेन थांबतं, हे मी नेहमी पाहते. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरेल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. कोणीतरी सरळ विचारलं, याचंच पुष्कळांना हलकं वाटतं.

एखादा प्रश्न नको वाटला तर ‘आज नाही सांगत’ म्हणा. कोणी खोदून खोदून विचारत बसलं, तर ती त्याची चूक.

शिक्क्याबद्दल कायदा काय म्हणतो, ते मजकूर लिहिणाऱ्याने पाहिलेलंच दिसत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे, की पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून कुणाला आज किंवा पुढे मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस ‘वेडा’ ठरत नाही, मनाने असमर्थ ठरवायचा अधिकार न्यायालयाचा.

त्याच कायद्याच्या 23 व्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सत्र संपल्यावर वडील किंवा नवरा दाराशी येऊन हळूच विचारतात, ‘काय म्हणाली ती?’ माझं उत्तर ठरलेलं असतं: ‘तिलाच विचारा.’ त्यांना राग येतो, तो मी सोसते. अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने मागितलं, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर गप्प बसता येत नाही. अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालकांना सोबत घ्यावं लागतं. राहिलं मोडणारं लग्न. ते मोडतं नातेवाइकांच्या कुजबुजीने, आणि त्या कुजबुजीला खतपाणी असल्याच फॉरवर्डचं.

‘नुसत्या गप्पा’ या आरोपात मात्र एक खरी तक्रार दडलेली आहे, ती मी झटकणार नाही. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणारे आहेत, आणि ते खरोखरच गप्पा मारून पैसे घेतात. म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर मागितला तर कुणी रागवायचं कारण नाही. फीही आधीच विचारा. खासगीत ती अनेकांना परवडत नाही, हे मला रोज दिसतं. सरकारी रुग्णालयात नाममात्र खर्चात काम होतं, रांग लागते एवढंच. पण शिकलेल्या माणसाचं बोलणं मित्राच्या बोलण्यासारखं नसतं. मित्र म्हणतो, ‘सोड रे, होईल सगळं ठीक.’ आम्ही विचारतो, साहेब रागावले तेव्हा त्या क्षणी मनात नेमकं कुठलं वाक्य आलं? ‘माझी नोकरी गेली’ हे वाक्य सापडलं की ते खरं कशावरून, हे दोघं मिळून तपासतो आणि आठवडाभर करायला काहीतरी देतो. हे पहिल्या दिवशी पुरं होत नाही. तीन-चार भेटींनंतरही जमत नसेल, तर माणूस बदला. त्यात अपमान वाटून घेणारा मानसशास्त्रज्ञ तुमच्या कामाचा नाही.

खंबीर मनाचं म्हणाल, तर माझ्याकडे येणाऱ्यांत वर्षानुवर्षं सगळ्या घराचा भार ओढलेली माणसं भरपूर असतात.

दार ठोठावायचा धीर होत नसेल तर आधी 14416 वर फोन लावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून चालू, मोफत, दिवसरात्र. मराठीत बोलता येतं.