चोराचा खोळंबा करू नका

गावाला निघताना नवं कुलूप आणाच. चांगलं सात लिव्हरचं, मनगट भरून येईल इतकं जड. लावा मात्र बिल्डरने दिलेल्या त्याच कोयंड्याला, जो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर कसाबसा तग धरून आहे. पेपरात काय छापून येतं? ‘कडीकोयंडा तोडून’. कुलूप शाबूत, वॉरंटीसकट. कोयंड्याला दाराच्या आरपार बोल्ट मारून घ्यायचे तर सुताराला बोलवावं लागेल, आणि सुतार सांगितल्या दिवशी येतो कुठे?

किल्ली तुळशीच्या कुंडीखाली. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, मग एकट्या चोरालाच परकं का करायचं? दूधवाल्याला ‘नको’ म्हणू नका, दारात पिशव्या साचू द्या. आणि घाट चढायच्या आधीच स्टेटस टाका: ‘सहकुटुंब सप्तशृंगगडावर!’ फोटोत पाटल्या नीट दिसल्या पाहिजेत.

कॅमेरा हवाच. गंगापूर रोडला बंगला असेल तर चार, सिडकोत रो हाऊस असेल तर निदान एक. त्याचं तोंड शेजाऱ्याच्या गाडीकडे. पार्किंगचं भांडण रोजचं, चोरी काय कधीतरी. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवा, म्हणजे पाहुण्याला जाताना आपलं चित्रीकरण सोबत नेता येईल. लॉकरचं भाडं वाचवा, दागिने कपाटातच बरे. कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीत. (तिथे बघायचं कुणाला सुचणार?)

एवढं करून चोरी झालीच, तर ११२ला फोन करायची घाई नको. आधी फॅमिली ग्रुपवर कळवा. आत्या, मामा, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांनी कपाट उघडून, ड्रॉवर ओढून, हळहळत हात फिरवून घ्यावा. मग ठसेवाल्यांना बोलवा.

एका बाबतीत मात्र चोराचा थोडा विचार करा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१नुसार चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर दहा वर्षांपर्यंत कैद, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी फोडलं तर चौदा. तेव्हा गडावर मुक्काम नको. दर्शन घ्या, जेवा आणि दिवेलागणीच्या आत नाशिक गाठा. निघताना मात्र नीट उजाडू द्या. तुम्ही अंधारातच बाहेर पडलात तर त्यालाही अंधारातच यायचा मोह होईल, आणि त्याची चार वर्षं वाढतील.